बेहदाणा: काही महिने वापरल्यावर

माझं काम दिवसभर बोलण्याचं. संध्याकाळपर्यंत घसा कोरडा पडून आवाज बसतो, त्यावर गेले काही महिने बेहदाणा घेतेय. सफरचंदाच्या कुळातलं क्विन्स नावाचं पिवळं, टणक फळ काश्मीर, इराण, तुर्कस्तानात पिकतं, त्याच्या या बिया. युनानी वैद्यकात त्यांची प्रकृती 'सर्द-तर', म्हणजे थंड आणि ओलसर, मानतात आणि कोरड्या खोकल्याच्या जोशांद्यात (काढ्यात) उन्नाब (बोरासारखं फळ), सपिस्तां (भोकर) यांच्या जोडीला त्या घालतात. मी काढा करत नाही, नुसत्या भिजवते.

बिया तपकिरी, एका टोकाला निमुळत्या, आणि बऱ्याचदा चार-पाच एकमेकींना चिकटलेल्या येतात. वर पांढुरका पापुद्रा असतो. बुरशी आली की काय असं वाटतं, पण तो वाळलेला चीकच असतो आणि आपल्याला हवा असतो तोही तोच, त्यामुळे घासून धुवायच्या नाहीत. कुबट वास आला तर मात्र सरळ टाकून द्या.

अर्धा चमचा बिया कपभर कोमट पाण्यात टाकल्या की थोड्याच वेळात प्रत्येक बीभोवती पारदर्शक कडं धरतं. रात्रभरात पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं, चमचा वर घेतला की तार सुटते. चहाच्या गाळणीतून हे उतरतच नाही. विरळ सुती कापडातून हलक्या हाताने पिळावं लागतं, आणि ते कापड लगेच धुतलं नाही तर वाळून पुठ्ठ्यासारखं कडक होतं. चवीला जवळजवळ काहीच नाही. बुळबुळीतपणा ज्यांना सोसत नाही त्यांनी आणखी पाणी घालून पातळ करावं.

आता गुण. कोरड्या, टोचणाऱ्या घशाला आराम पडतो, हे नक्की. घोट घोट, सावकाश प्यायलं तर घशाला अस्तर लागल्यासारखं वाटतं आणि खाकरण्याची उबळ कमी होते. पण हा परिणाम तेवढ्यापुरता. तासा-दोन तासांनी घसा पुन्हा मूळ पदावर. मध्यंतरी छातीत कफ झाला तेव्हा याचा काडीचाही उपयोग झाला नाही, आणि होणार तरी कसा? गिळलेला चीक अन्ननलिकेत जातो, श्वासनलिकेत नाही. 'फुप्फुसं साफ करतो' वगैरे जे छातीठोकपणे सांगितलं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही. ताप असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, तर बिया भिजवत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बिया कुटायच्या नाहीत, दळायच्या नाहीत, चावायच्याही नाहीत. आतल्या गरात अ‍ॅमिग्डालिन असतं. बी फुटली की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष तयार होऊ शकतं, कडू बदामासारखंच. चीक बीच्या बाहेरच्या सालीत असतो, त्यामुळे अख्खी बी भिजवून गाळली की काम भागतं. चूर्ण करून दुधातून घ्या, असं कोणी सुचवलं तरी ऐकू नका. रोजच्या गोळ्या चालू असतील तर त्या आणि हा चीक यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, कारण असे चिकट पदार्थ औषध शोषलं जाणं लांबवू शकतात. गरोदरपणात किंवा लहान मुलांना द्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं.

उरलेला चीक मी फुटलेल्या ओठांना आणि हातांना लावते. वाळताना त्वचा किंचित ओढली जाते, म्हणून वरून थेंबभर तेल. भाजल्यावरही हा लावायची जुनी रीत आहे, पण घरी गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं, त्यामुळे उघड्या जखमेवर मी ते लावणार नाही. केसांना मात्र झकास. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केसांच्या लाटा बसवायच्या लोशनमध्ये हाच चीक असायचा. पातळ लावला तर बटा छान बसतात, दाट लावला तर वाळल्यावर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात.

टिकायला मात्र अगदी नाजूक. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यानंतर तार तुटते आणि आंबूस वास येतो. म्हणून एका वेळेपुरत्याच भिजवते.