‘टर्बो गेलाय’ म्हणून ४६,५०० घेतले, टर्बो मात्र जुनाच निघाला

टर्बो डिझेल गाडी वापरणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय, त्यातही ज्यांची गाडी लाखभर किलोमीटर चालून झाली आहे त्यांच्यासाठी. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा. पिकअप गेला, काळा धूर यायला लागला आणि गॅरेजवाल्याने बॉनेट उघडल्या उघडल्या ‘ताई, टर्बो गेलाय’ असं सांगितलं, तर कामाला होकार देण्याआधी हे वाचा. न बदललेल्या टर्बोचे पैसे माझ्याकडून घेतले गेलेत.

माझी गाडी दीड लिटरची डिझेल. आई कराडला असते, त्यामुळे पुणे–कराड नेहमीचंच. खंबाटकीचा चढ एरवी चौथ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सहज काढणारी गाडी एकदम दुसऱ्यावर आणावी लागली. मागे काळा धूर, आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून ‘सूंऽऽ’ असा हवा सुटल्यासारखा आवाज. थोड्या वेळाने चेक इंजिनचा दिवा लागला.

पुण्यातल्या ज्या गॅरेजमध्ये गाडी दिली, त्यांनी स्कॅनर लावला. कोड आला पी०२९९. स्क्रीन माझ्यासमोर धरून त्यांचा माणूस म्हणाला, ‘बघा, मशीनच सांगतंय.’ मशीन तसं काही सांगत नाही. पी०२९९ चा अर्थ एवढाच की इंजिनच्या कॉम्प्युटरने जेवढं हवेचं प्रेशर मागितलं तेवढं मिळालं नाही. टर्बो खराब असू शकतो, टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या अ‍ॅक्चुएटरची बारीक व्हॅक्यूम नळी तडकलेली असू शकते, नाहीतर टर्बो आणि इंजिन यांच्यामधल्या पाइपांतून हवा गळत असू शकते. यातलं नेमकं काय झालंय ते कोडवरून कळत नाही, ते शोधावं लागतं. माझ्या गाडीत ते कुणी शोधलंच नाही.

पुरावा म्हणून त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून आतला शाफ्ट बोटाने आडवा हलवला: ‘केवढा प्ले आहे बघा!’ मग पाइपच्या आतून बोट फिरवून ऑइल दाखवलं. या दोन्ही गोष्टी पुढे तुम्हालाही दाखवतील, म्हणून नीट सांगते. शाफ्ट आडवा किंचित हलतोच, कारण तो ऑइलच्या थरावर फिरतो. बघायचं ते हे, की शाफ्ट आत-बाहेर सरकतोय का आणि पंख्याची पाती बॉडीला घासल्याच्या खुणा आहेत का. आणि इंजिनची वाफ इनटेकमध्येच, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेतच, सोडलेली असते, त्यामुळे पाइपांत ऑइलचा पातळ थर बहुतेक गाड्यांत असतो. आत ऑइल साचलं असेल तर गोष्ट वेगळी.

नवा टर्बो, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी धरून बिल झालं ४६,५०० रुपये. जुना टर्बो मागितला तर ‘एक्सचेंजमध्ये परत पाठवावा लागतो’ असं उत्तर मिळालं. त्याऐवजी काढलेल्या टर्बोचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आला. कोड पुसलेला असल्यामुळे दिवा विझला होता आणि शहरात गाडी ठीक वाटली. पुढच्याच कराड फेरीत खंबाटकीला पुन्हा तेच: तोच धूर, तोच आवाज.

खरं काम कराडच्या एका फिटरने केलं. त्यांनी आधी स्कॅनर लावून गाडी चढावर नेली आणि दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवले: मागितलेलं प्रेशर आणि मिळालेलं प्रेशर. इंजिन बंद असताना पुणे-कराड भागात हा आकडा साधारण ९५ किलोपास्कल दिसतो, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. चढावर मागणी २१० ची होती, मिळत होते १४० च्या आसपास. ‘ताई, टर्बो हवा देतोय, मधे कुठेतरी जातीये,’ ते म्हणाले. धुराचं कारणही त्यांनी तिथेच सांगितलं. आत येणारी हवा टर्बोच्या आधी मोजली जाते. मोजलेली हवा पुढे गळाली तरी डिझेल त्या मोजमापानुसारच पडतं, ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर होतो.

मग त्यांनी इंजिन बंद ठेवून टर्बोच्या तोंडाला पीव्हीसीचं बूच बसवलं. बुचाला टायरचा व्हॉल्व्ह लावलेला होता. कॉम्प्रेसरचा रेग्युलेटर एक बारवर ठेवून हवा भरली आणि स्प्रेच्या बाटलीतून प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारत गेले. टर्बोचा जोड कोरडा, इंटरकूलरची (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीची) वरची बाजू कोरडी. इंटरकूलरमधून इंजिनकडे येणारा रबरी होज जिथे क्लिपच्या कडेला वळतो, तिथे खालच्या अंगाला पांढरा फेस उसळायला लागला. खाली आरसा धरून मला दाखवलं: बोटाच्या पेराएवढी चीर, भोवती ऑइल आणि धुळीचं काळं किटण. हवा बंद केली की चीर मिटायची आणि होज अगदी धडधाकट दिसायचा. नुसतं बघून ती सापडणं अवघडच होतं, पण त्यासाठीच तर ही टेस्ट असते. (घरी जास्त प्रेशरने हा प्रयोग करू नका. पाइप सुटून लागू शकतो, इंजिनची सीलंही जाऊ शकतात.)

नवा होज आणि दोन क्लिपा, मजुरीसह २,८०० रुपये. गाडी पुन्हा पूर्वीसारखी ओढायला लागली.

फसवणूक उघडी पडली ती यानंतर. फिटर म्हणाले, ‘हे बोल्ट कुणी उघडल्यासारखे दिसत नाहीत.’ टर्बोवरच्या हीट शील्डच्या (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याच्या) बोल्टांवर जुना गंज अखंड होता, पान्याचा एक ओरखडासुद्धा नव्हता. टर्बोच्या बॉडीवर छोटी धातूची पट्टी असते, तिच्यावर पार्ट नंबर आणि सीरियल नंबर कोरलेला असतो. त्यांनी फोन आत घालून तिचा फोटो काढला. गॅरेजने मला पाठवलेला ‘काढलेल्या’ टर्बोचा फोटो मी मोठा करून बघितला. सीरियल नंबर तोच, शेवटच्या आकड्यापर्यंत! म्हणजे टर्बो जागेवर असतानाच फक्त पट्टीचा जवळून फोटो घेतला होता. कष्टाचे पैसे असे गेले की जीव जळतो.

गॅरेजला दोन्ही फोटो दाखवल्यावर आधी ‘पार्टवाल्याची चूक’ झाली, मग दहा हजार परत देण्याची भाषा आली. मी नाही म्हटलं. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, लेखी नोटीस पाठवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. सोबत बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, दोन्ही फोटो आणि कराडच्या फिटरने स्वतःच्या बिलावर लिहून दिलेलं निदान जोडलं आहे.

तुमची गाडी अशा कामासाठी द्यायची वेळ आली, तर सोडण्याआधी टर्बोच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि प्रेशर टेस्ट स्वतः उभं राहून बघा. जुना पार्ट परत पाहिजे, हे जॉब कार्डवर लिहून घ्या. एक्सचेंजचं कारण दिलं तर त्याची किती सूट मिळाली ते बिलात दाखवायला सांगा. माझ्या बिलात अशी ओळच नव्हती, आणि आयोगापुढच्या तक्रारीत हा मुद्दा मी पहिला घेतला आहे.