दाणाओळीतलं जुनं घर, दारांच्या फटी आणि रबराची पट्टी: हिवाळाभर वापरून दिलेला अभिप्राय

निकाल आधी सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. दारं-खिडक्यांना लावायची डी आकाराची रबरी पट्टी जरूर घ्या. स्पंजाची चिकटपट्टी फुकट मिळाली तरी घेऊ नका. दाराखाली सरकवायच्या फोमच्या नळ्या घ्यायच्या तर आधी आपल्या दाराला उंबरा आहे का ते बघा. आणि हीटर सगळ्यात शेवटी. त्याआधी एक जुना सुतार मिस्त्री गाठा.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाणाओळीत. सासऱ्यांच्या आजोबांच्या वेळचं. बाहेरच्या भिंती दगड-चुन्याच्या, वर दगडी पटियांचं (लांब फरशांचं) छत, मधे चौक आणि चौकाकडे उघडणारी दोन फळ्यांची सागवानी दारं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की या घराला तोड नाही. जानेवारीत तेच घर अंगावर येतं. हवामान खात्याच्या हिशोबात मैदानी भागात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली गेलं की थंडीची लाट धरतात, आणि ग्वाल्हेरकरांना त्या आकड्याचं आता काही वाटत नाही. खरा छळ दिवसाचा. धुकं दुपारपर्यंत उठत नाही, चौकात ऊन उतरत नाही, आणि एवढा जाड दगड एकदा गार पडला की एखाद्या दिवसाच्या उन्हाने तो जागचा हलत नाही. अशा गलनमध्ये (हाडं गोठवणाऱ्या थंडीत) आमच्या सासूबाई, वय ८६, मागच्या खोलीत रजाईवर रजाई घेऊन बसतात आणि तरी म्हणतात, "अगं, पायाशी वारं येतंय बघ कुठून तरी."

ते कुठून येतं हे शोधणं माझं काम. एजी ऑफिसात (सरकारी हिशोब तपासणाऱ्या कचेरीत) नोकरी केलेल्या बाईला कोणी "असंच येतं" म्हटलं की झोप लागत नाही. पद्धत साधी: संध्याकाळी सगळी दारं-खिडक्या लावायच्या, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू करायचा आणि पेटलेली उदबत्ती हातात धरून प्रत्येक चौकटीच्या कडेने फिरायचं. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तितकी बाहेरची हवा फटींतून आत शिरते आणि धूर तिथे वाकतो. सिगडी, गॅस गीझर वगैरे काही पेटलेलं असताना हा उद्योग करू नका, धूर उलटा घरात येतो.

माझा सगळा संशय खिडक्यांवर होता आणि खिडक्या बऱ्यापैकी निर्दोष निघाल्या. वारा येत होता तो दाराच्या दोन फळ्या जिथे मिळतात त्या मधल्या उभ्या फटीतून, जुन्या स्वयंपाकघराच्या धुराड्यातून, आणि टीव्हीची केबल आत घेण्यासाठी कोणे एके काळी भिंतीला पाडलेल्या भोकातून. केबल गेली, भोक राहिलं. छताजवळची रोशनदानं (उजेड-वाऱ्याचे झरोके) तर सर्रास उघडी. गरम हवा वर चढते, रोशनदानातून निघून जाते आणि तिच्या जागी खालून, दाराच्या फटीतून, गार हवा ओढली जाते. सासूबाईंच्या पायाशी येणारं वारं म्हणजे वरच्या रोशनदानाचं बिल.

आता वस्तू. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. एकच माल दहा नावांनी विकला जातो.

स्पंजाची चिकटपट्टी भाच्याने ऑनलाइन मागवून दिली. फोटोत पांढरीशुभ्र, गुळगुळीत दारावर बसलेली दिसते. आमच्या दारांवर तेलाचा हात आहे, त्यावर ऑइलपेंट, त्यावर पुन्हा तेल. दार स्पिरिटने पुसून, वाळवून लावली तरी आठवडा संपायच्या आत वरच्या टोकाकडून लोंबायला लागली. जिथे टिकली तिथे स्पंज दबून कायमचा चपटा झाला, म्हणजे फट जशीच्या तशी. विक्रेत्याकडे तक्रार केली तर "पृष्ठभाग योग्य नव्हता" असं उत्तर आलं. पृष्ठभाग शंभर वर्षांचा आहे, त्याला आता कोण शिकवणार?

फोमच्या नळ्यांचा प्रकार असा: कापडी खोळीत दोन नळ्या, एक दाराच्या आत, एक बाहेर, मधलं कापड दाराखाली. सपाट फरशीवरून दाराबरोबर ती सरकते. पण जुन्या घरांत दार उंबऱ्याला येऊन टेकतं, त्यामुळे बाहेरची नळी उंबऱ्यावर अडते आणि दार बंदच होत नाही. सासूबाईंच्या खोलीत फरशी बदलताना उंबरा काढून टाकला होता. तेव्हा सासूबाई त्यावरून महिनाभर बोलत नव्हत्या. तिथे मात्र ही वस्तू चोख काम करते. खोळ काढून धुता येते हेही बरं. नवीन फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हाच एक परिच्छेद वाचून बाकीचं सोडलं तरी चालेल.

डी आकाराची पट्टी ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असते, आतून पोकळ, मागे चिकट पट्टा. दार लावलं की दबते, उघडलं की पुन्हा फुगते, आणि हाच तिचा आणि स्पंजाचा फरक. साधारण ३ ते ५ मिलिमीटरच्या फटीसाठी ती असते. फट त्याहून मोठी असेल तर रबर दुप्पट करून लावायच्या फंदात पडू नका, ते लाकडाचं काम आहे. आम्ही ती चौकटीच्या आतल्या खाचेत आणि उंबऱ्याच्या ज्या बाजूला दार टेकतं तिथे लावली. जुना रंग कानशीने खरवडून कोरं लाकूड दिसेपर्यंत घासलं, पुसलं, मगच चिकटवली. अजून जागची हललेली नाही. तोटा एकच, पण रोजचा: दार आता ओढून धरल्याशिवाय कडी लागत नाही. मला चालतं, सासूबाईंच्या मनगटाला नाही. त्यांच्या दाराचा कोयंडा मिस्त्रींनी थोडा पुढे सरकवून दिला, तेव्हा जमलं.

पट्टी बसवायची ती डिसेंबरमध्येच. पावसाळ्यात सागवानही फुगतं, फटी दिसत नाहीत, आणि पाऊस सरला की तेच लाकूड आकसतं. उलट बाजूने, हिवाळ्यात ठासून बसवलेली पट्टी जुलैमध्ये दार अडकवणार, म्हणून निदान उंबऱ्यावरची पट्टी पावसाआधी काढावी लागेल असं धरून चाला.

मिस्त्रींबद्दल जरा जास्त लिहिते, कारण खरं काम त्यांनी केलं. लोहिया बाजारात पट्टी शोधताना एका दुकानदाराने त्यांचं नाव सुचवलं. (लोहिया बाजारापर्यंत गेलं की येताना तिळाची गजक घेतलीच जाते, तो खर्च या हिशोबात धरलेला नाही.) वयस्कर गृहस्थ, बोलणं कमी. दाराच्या दोन फळ्यांमधली उभी फट बघून त्यांनी रबराला हातच लावला नाही. एका फळीच्या कडेला सागवानाची पातळ पट्टी ठोकली, ती दुसऱ्या फळीवर जेमतेम बोटभर येईल अशी, आणि तिच्या आतल्या अंगाला नमद्याची पट्टी बारीक खिळ्यांनी बसवली. नमदा म्हणजे लोकरीचा दाबून केलेला जाड थर. वाकड्या, झिजलेल्या लाकडाशी तो आपोआप जुळवून घेतो, जे रबराला जमत नाही. लोकर असल्याने कसर लागू शकते, म्हणून उन्हाळ्यात एकदा बघावं लागेल.

त्यांच्याशी एकच वाद झाला. धुराडं आणि भिंतीचं भोक ते सिमेंटने बुजवणार होते. दगड-चुन्याच्या भिंतीत ओल येते-जाते. सिमेंट तिला अडवून धरतं आणि मग शेजारचा दगड आणि चुना झडायला लागतो. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईसाहेब, चुना कोण मळणार?" शेवटी भोक चुन्यानेच भरलं, मळला त्यांच्या मुलाने. धुराड्याच्या तोंडाला पत्र्याचं झाकण बसवलं, खिट्टी फिरवली की उघडतं. रोशनदानांना पारदर्शक अॅक्रिलिकचे तुकडे, चारी बाजूंना वेल्क्रो. एप्रिलमध्ये काढून माळ्यावर ठेवायचे, कारण ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बंद रोशनदान म्हणजे शिक्षा. पण एक रोशनदान मुद्दाम उघडं ठेवलं आहे, ते का ते सांगते.

फटी बुजवल्या की घर बदलतं आणि जुन्या सवयी धोक्याच्या होतात. सासूबाईंना संध्याकाळी कोळशाची सिगडी खोलीत हवी असते. आयुष्यभर घेतली, कधी काही झालं नाही, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरं आहे: तेव्हा खोली चारी बाजूंनी गळत होती. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना वास ना रंग, तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो आणि झोपलेल्या माणसाला काही कळतच नाही. उत्तरेत दर हिवाळ्यात बंद खोलीतल्या सिगडीने माणसं जातात, पेपरात वाचतोच आपण. म्हणून सिगडी आता चौकात, आणि तिथेच विझवायची. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर तिथली जाळी, झरोका काहीही बुजवू नका. आमच्या न्हाणीघराला एक इंच पट्टी लावलेली नाही. सासूबाईंच्या खोलीतलं एक रोशनदान उघडं आहे ते ताज्या हवेसाठी. शिवाय ऊन पडेल त्या दिवशी दुपारी तासभर सगळं सताड उघडायचं, नाहीतर श्वासाची आणि स्वयंपाकाची वाफ गार भिंतीवर बसून कोपऱ्यात बुरशी धरते.

दाराच्या आतून जुन्या रजायांचे पडदे केले. कापूस पिंजून, पातळ करून पुन्हा टाके घालून घेतले, जाड दांड्यावर लटकवले, खाली जमिनीला टेकतील इतके लांब. दिसायला धर्मशाळा. काम उत्तम.

हीटरबद्दल थोडक्यात. तेल भरलेल्या पंखांचा रेडिएटर घेतला, २००० वॅटचा. आवाज नाही, आत काही जळत नाही. सगळी शक्ती लावली तर तासाला दोन युनिट खातो, पण आता तो खालच्या खुंटीवरच चालतो आणि थर्मोस्टॅट त्याला मधेमधे बंद करतो. खोली तापायला वेळ लागतो, तेव्हा झोपायच्या तासभर आधी लावा. जुन्या वायरिंगवर तो चालवू नका. आम्ही त्याच्यासाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि १६ अँपिअरचा सॉकेट घेतला. एक्स्टेन्शन बोर्डावर तर मुळीच नाही.

फरक किती पडला? भिंतीवर साधा डिजिटल थर्मामीटर आहे. हीटर न लावता पहाटेचं तापमान पूर्वीपेक्षा दोन-अडीच अंशांनी वर राहतं. ऐकायला किरकोळ, पण पायाशी वारं नसेल तर १३ अंशही सोसतात. वारं असेल तर १६ सुद्धा नाही. मिस्त्रींची मजुरी आणि सगळं साहित्य मिळून जो खर्च आला तो एकट्या हीटरच्या किमतीच्या निम्म्याहून कमी.

तारे द्यायचेच तर मिस्त्रींना पाचपैकी पाच, डी पट्टीला चार, नळ्यांना तीन, स्पंजाला एकही नाही. छताच्या पटियांच्या सांध्यांतून अजून गारवा उतरतो. त्यावर कोणी चुन्याचं काम केलं असेल तर खर्च किती आला आणि मावठ्यात ते टिकलं का, तेवढं लिहा.