मोठी जिम की दहा जणींची बॅच?

जुळे सोलापुरात आमच्या घरापासून दोन्ही सारख्याच अंतरावर. जिममध्ये वर्षाची फी भरून दोन महिने गेले, आता बायकांच्या छोट्या स्टुडिओत जाते. तरी जिम वाईट असं म्हणणार नाही.

तिथं यंत्रं भरपूर, वजनं हवी तेवढी, एसी (मे महिन्यात आपल्याकडे ही चैन नाही, गरज आहे), आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत केव्हाही जा. पण संध्याकाळी सातला स्क्वॉट रॅकभोवती (खांद्यावर वजन घेऊन उठा-बसा करायची लोखंडी चौकट) पोरांचा घोळका. "तुमचे किती सेट राहिले?" हे विचारायचा धीर गोळा होईपर्यंत मी ट्रेडमिलवर चढलेली असायचे. दोन महिने नुसती चालले. तेवढं तर सिद्धेश्वर तलावाकाठी फुकट झालं असतं.

स्टुडिओत पहिल्याच दिवशी ट्रेनरनं विचारलं, "काकू, गुडघा दुखतो का?" हो म्हटल्यावर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा करायला लावलं. दांडी मारली की फोन येतो. खरं तर त्या फोनसाठीच फी भरते.

खोट दोन ठिकाणी. एक, बॅचची वेळ ठरलेली. नळाला पाणी यायचा दिवस आणि बॅच एकत्र आले की पाणी जिंकतं. बुडालेला तास दुसऱ्या बॅचमध्ये भरून देतात का, हे आधीच विचारा. दुसरी जास्त गंभीर: कित्येक ठिकाणी एक-दोन किलोच्या गुलाबी डंबेलपुढं काही नसतं. अहो, घरात भरलेलं सिलिंडर आपणच सरकवतो, ते 30 किलोच्या आसपास असतं! पाळी थांबल्यावर हाडं वेगानं झिजायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान 2 दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. त्याला हळूहळू वाढतं वजन लागतं, झुंबा कितीही मजेचा असला तरी. ट्रायलला गेलात की आधी डंबेलचा स्टँड बघा.

पैशाचं म्हणाल तर महिन्याच्या हिशेबात स्टुडिओ महाग पडतो. कुठंही जा, तीन महिन्यांच्या वर एकदम भरू नका.

कधीच वजन उचललं नसेल तर स्टुडिओ. माझी जाऊ मात्र नर्स, ड्युटी सारखी बदलते, व्यायामही येतो. तिला मी जिमच सुचवली. ती दुपारी तीनला जाते. तेव्हा रॅक मोकळा असतो.