केंटमधलं जुनं फार्महाऊस: हिवाळा-उन्हाळा राहून आलेला अनुभव

आग्नेय इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या वील्ड भागातलं हे ओकच्या सांगाड्याचं घर, ग्रेड टू यादीतलं, म्हणजे संरक्षित ऐतिहासिक इमारतींच्या सरकारी यादीतलं. असं घर घ्यायचा किंवा भाड्याने राहायचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. ओल, गारठा, कलंडलेली जमीन, ह्या घराच्या जवळपास प्रत्येक तक्रारीचं मूळ कोणत्या तरी शतकातल्या फेरबदलात सापडतं. तो क्रम ओळखता आला की निम्मं काम झालं.

सुरुवात पोटमाळ्यावरून करा. मधल्या गाळ्यातल्या वाशांवर जाड काजळी आहे, बोट फिरवलं तर काळं होतं. टोकाच्या गाळ्यांतले वासे मात्र स्वच्छ तपकिरी. म्हणजे पंधराव्या शतकात मधला हॉल जमिनीपासून आढ्यापर्यंत मोकळा होता, आग जमिनीवरच पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. सोळाव्या शतकाच्या सुमारास विटांचं धुराडं आलं आणि मोकळ्या हॉलमध्ये माळा पडला. मूळचं रूप बघायचं असेल तर वेस्ट ससेक्समध्ये सिंगलटनच्या जुन्या घरांच्या खुल्या संग्रहालयात केंटमधल्या चिडिंगस्टोनहून हलवून उभं केलेलं ‘बे-लीफ’ (Bayleaf) फार्महाऊस बघा. तिथे हॉल पुन्हा मोकळा केला आहे.

माळा घातल्यावर खोल्यांमध्ये जायला वाट हवी, म्हणून अनेक घरांत आडव्या तुळईला मधोमध कापून दरवाजा काढलेला असतो. हे सगळ्यात आधी तपासा. तुळईच भिंतींना आत ओढून धरते. ती तुटली की छपराच्या भाराने भिंती बाहेर सरकतात.

पुढच्या बाजूची विटांची भिंत अठराव्या शतकातली. आतला ओकचा सांगाडा तसाच ठेवून बाहेरून विटांचा एक थर उभा केला, सरकत्या तावदानांच्या खिडक्या बसवल्या, घर एकदम आधुनिक दिसू लागलं! हा थर सांगाड्याला नीट बांधलेला नसतो. ओळंबा लावून फुगवटा बघा. बुजवलेली खिडकी दिसली की लोक लगेच कारण म्हणून 1696 ते 1851 चा, खिडक्यांच्या संख्येवर लागणारा खिडकी-कर सांगतात, पण काही खिडक्या फक्त दर्शनी बाजू सारखी दिसावी म्हणून सुरुवातीपासूनच खोट्या बांधलेल्या असतात.

खरा त्रास विसाव्या शतकाने दिला. मागच्या भिंती कुडाच्या आहेत: ओकचे दांडे, त्यांत विणलेल्या हेझलच्या काटक्या, वर माती-पेंढा-शेणाचा लेप. कोकणातला कुड बघितलेल्याला रचना लगेच कळते. त्यावर मागे कोणीतरी सिमेंटचा गिलावा चढवला होता. लाकूड हलतं, सिमेंटला केसासारखी चीर पडते, पाणी आत शिरतं आणि बाहेर येऊ शकत नाही. परिणामी पायथ्याची आडवी तुळई कुजते. ओकमध्ये ओलावा 20 टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि बुरशीने मऊ झालेल्या ओकमध्ये लाकूड पोखरणारा डेथवॉच भुंगेरा सुखाने वाढतो.

उपाय चुनाच. सिमेंट पातळ छिन्नीने हळूहळू काढा. पॉवर हॅमर लावलात तर कुडही सोबत येतो. मग मुरवलेला चुना 1 भाग, खरखरीत वाळू 3 भाग, पहिल्या थरांत शेळीचे केस. एक थर साधारण 10 मिमी, त्याहून जाड नको, तडकतो. मधले थर खरवडून ठेवा म्हणजे पुढचा धरतो. ओलं गोणपाट टांगून चार-पाच दिवस भिंत दमट ठेवा. चटकन वाळलेला चुना भुगा होऊन पडतो. तापमान 5 अंशांखाली जाणार असेल किंवा दव गोठणार असेल तर काम काढूच नका. ऑक्टोबर ते मार्च सोडून द्यावे लागतात, कारण चुना महिन्याला जेमतेम 1 मिमी खोलवर पक्का होतो. शेवटी चुन्याच्या सफेदीचे चार-पाच पातळ हात. चुना डोळ्यांत जाऊ नये म्हणून काम करताना संरक्षक गॉगल हवाच.

नवा गिलावा झालेल्या खोल्यांमधला कुबट वास गेला आणि भिंतींचे पोपडे थांबले. गारठा मात्र आहे. हीटिंग दिवसभर मंद ठेवलेलं बरं, आणि खिडक्यांना आतून दुसरी काच बसवल्याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

आत-बाहेर काहीही बदलण्याआधी स्थानिक कौन्सिलची लेखी परवानगी घ्या. यादीतल्या घराचं ऐतिहासिक स्वरूप बदलणारं काम परवानगीशिवाय केलं तर गुन्हा ठरतं. सर्व्हेयर जुन्या लाकडी घरांचा जाणकारच नेमा. भिंतीत रसायन टोचून ओल थांबवायचा सल्ला कोणी दिला तर थांबा. आधी बाहेर साचलेली माती पायथ्याच्या तुळईच्या खाली किमान 150 मिमीपर्यंत उतरवा, पन्हळी साफ करा आणि एक पावसाळी हंगाम जाऊ द्या.