फोर्टातले पेनवाले काका: हात उत्तम, तारीख विचारू नका

माझं एअरमेल कंपनीचं शाईपेन टेबलावरून थेट निबेवर पडलं. चूक माझीच. लिहायला घेतलं की कागदावर टपटप थेंब. फोर्टात, जीपीओपासून सात-आठ मिनिटांवर, एका जुन्या जिन्याखाली पेन दुरुस्त करणारे काका बसतात. पाटी नाही, शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारायचं.

काकांनी निब अंगठ्याच्या नखावर फिरवली आणि नुसत्या आवाजावरून म्हणाले, "डावी पाकळी वर आलीय." मग, "नोकरी कुठे होती ताई?"

"पोस्टात. १९८४ ला सॉर्टिंगला लागले."

झालं, ग्यानी झैलसिंग निघाले.

नव्या मुलांना माहीत नसेल. सरकारला पत्रं अडवायची मुभा १८९८ च्या टपाल कायद्यात होतीच, १९८६ साली संसदेने ती आणखी पसरट करणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंगांनी त्यावर सही केली नाही, ते परतही पाठवलं नाही. १९८७ च्या जुलैत त्यांची मुदत संपली, विधेयक तसंच. शेवटी २००२ मध्ये ते मागे घेतलं गेलं.

काका तापलेच. "पटलं नाही तर परत पाठवा, कारण लिहा. घटनेत अनुच्छेद १११ कशाला आहे? उद्या एखादा चांगला कायदा कुणी असाच दाबून ठेवला तर?" वर १९८४ काढलं: इंदिराबाई गेल्या त्याच संध्याकाळी, पक्षाच्या खासदारांनी नेता निवडायच्या आधीच राजीव गांधींना झैलसिंगांनी दिलेली पंतप्रधानपदाची शपथ. "नेत्याने सांगितलं तर झाडू मारेन म्हणणारा माणूस लोकशाही काय सांभाळणार?"

शपथेचं मला मान्य. पण मी खणात पत्रं टाकलीत. राखीच्या दिवसांत पाकीट हातात घेतलं की आतला गोंडा बोटांना कळायचा, पत्त्याशेजारी कुंकवाचं बोट उमटलेलं असायचं. ते कुणी उघडून परत चिकटवलं असतं तर पहिलं आम्हालाच कळलं असतं, आणि गप्पही आम्हालाच बसावं लागलं असतं. राजीव गांधींशी बिनसलं म्हणून सही अडली म्हणतात. असेल! पाकीट बंद राहिलं ना?

तरी "कारण लिहा" घरी येईपर्यंत टोचत राहिलं. एकाच्या रुसव्यावर टिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या सहीने जाते. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात टपाल अडवायचा अधिकार आहेच, आणि त्यावर सहीही रीतसर झाली.

पेन कधी मिळेल विचारलं, तर "शक्य तितक्या लवकर". विधेयक परत पाठवायला १११ मध्येही याच अर्थाचे शब्द आहेत! पावती नाही, तारीख नाही. पाच आठवडे पेन त्यांच्या बिस्किटाच्या डब्यात. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, "काका, झैलसिंगांना नावं ठेवता आणि माझं पेन दाबून बसलात." हसले नाहीत. शनिवारी मात्र फोन आला.

काम चोख. थेंब बंद, रेघ पूर्वीपेक्षा बारीक. दोनशे रुपये घेतले. पाचपैकी साडेतीन, दीड त्या डब्याचे कापले.

जाणार असाल तर दुपारी एकनंतर नको, डबा खातात. आणि शाई रिकामी करून न्या, नाहीतर पेन आधी धुवायला लावतात, तेही तुम्हालाच.