औषधाची चाचणी की घरी येणारी मदत? डिमेन्शियाच्या अभ्यासात नाव देण्याआधी

घरात डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, माणूस आहे आणि अभ्यासात नाव द्याल का, असं कुणी विचारलं, तर आधी एक पाहा: विद्यापीठाच्या जोडीला कोण आहे? औषध कंपनी, की गावात काम करणारी संस्था?

कंपन्यांची जोड लागतेच, हे मान्य करायला हवं. डिमेन्शियावरचं, आज पॅचच्या रूपात मिळणारं रिव्हास्टिग्मिन हे औषध जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात जन्मलं आणि नोव्हार्टिसने ते जगभर नेलं. अल्झायमरवरच्या (डिमेन्शियाच्या एका प्रकारावरच्या) लेकानेमॅब या औषधाची मुळं स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या लार्स लॅनफेल्ट यांच्या संशोधनात आहेत. पण १,७९५ रुग्णांवरची १८ महिन्यांची चाचणी एसाय आणि बायोजेन या कंपन्यांमुळेच पार पडली. एवढा खर्च विद्यापीठाला एकट्याने झेपत नाही.

आता हाती काय लागलं ते पाहा. बनावट औषध मिळालेल्यांच्या तुलनेत आठवण आणि रोजच्या कामांतली घसरण २७ टक्क्यांनी मंदावली, म्हणजे १८ गुणांच्या मोजपट्टीवर ०.४५ गुणांचा फरक. गेलेली आठवण परत येत नाही. औषध चालतं तेही आजार अगदी सुरुवातीला असेल तरच. दर पंधरवड्याला शिरेतून औषध, पुन्हा पुन्हा एमआरआय, आणि १२.६ टक्के रुग्णांच्या मेंदूत सूज दिसली, बहुतेकांना त्रास न होता. गोव्यात वाळपईहून किंवा काणकोणहून आईला दर पंधरा दिवसांनी शहरात न्यायचं म्हणजे कमावत्या माणसाची रजा गेलीच.

दुसरी वाट गोव्यातच आखली गेली. मानसिक आरोग्यावर काम करणारी संगाथ संस्था आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे (गोमेकॉ) डॉ. अमित डायस यांच्यासह संशोधकांनी दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांबरोबर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं सहा महिने घरी जात, आजार समजावत, आंघोळीला नकार, रात्रीची जाग, संशय यांना कसं सामोरं जायचं ते सांगत. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ होते. रुग्णाच्या वागण्यात ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण सांभाळणाऱ्याचा मानसिक ताण स्पष्ट कमी झाला. चवथीला गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या माटोळीला काय काय बांधायचं ते बिनचूक सांगणारी, पण जेवले की नाही ते न आठवणारी सासू जिच्यावर सोपवलेली असते, त्या सुनेसाठी हे फार मोठं आहे.

माझं मत विचाराल तर आजार कोवळा असेल, सोबतीला माणूस असेल आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू नसतील, तर कंपनीच्या चाचणीचा विचार जरूर करा. आजार मध्यावर आला असेल तर घरी येणारी मदत शोधा. गोव्यातली बरीच घरं याच टप्प्यावर जागी होतात.

कंपनीच्या चाचणीत नाव देणार असाल तर खरं औषध न मिळता तसंच दिसणारं बनावट औषध मिळण्याची शक्यता किती, आणि चाचणी संपल्यावर औषध चालू राहणार का, हे विचारा. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई हा २०१९ च्या नियमांनी दिलेला हक्क आहे. संमतीपत्राची मराठी प्रत घरी आणा, भावंडांना वाचायला द्या, मगच सही करा.