फायटरची ‘सोबत राहणारी जोडी’ आणि परत खरेदीची हमी: आमचे १५,८८० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

परत खरेदीच्या योजना आपल्याला नव्या नाहीत. इमू झाले, कडकनाथ झाला, आता फायटर मासा म्हणजे बेटा. साचा तोच: जोड्या आमच्याकडून घ्या, पिल्लं आम्हीच उचलू, दीड महिन्याच्या पिल्लाला ४० रुपये रोख.

हिशोब मांडतो. ६ जोड्या, प्रत्येकी १,४००, म्हणजे ८,४००. काचेच्या ६ टाक्या, प्रत्येकी ६५०, म्हणजे ३,९००. ‘नराला शांत ठेवणारे थेंब’ १८० रुपयांची एक अशा ६ बाटल्या, १,०८०. नोंदणी फी २,५००. एकूण १५,८८०. पावतीवर मात्र एकच ओळ: ‘शोभिवंत मासे व साहित्य’. नर, मादी, जोडी, परत खरेदी, यातला एक शब्द त्यावर नाही. तुम्ही घ्याल तेव्हा हे चारही शब्द लिहून घ्या, नाहीतर पैसे देऊ नका.

‘लहानपणापासून एकत्र वाढलेत, एकाच टाकीत कायम राहतात’ हा विकणाऱ्याचा दावा. फायटर एकत्र ठेवत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. म्हणूनच तर जोडी एकत्र दाखव म्हटलं, आणि त्याने दाखवली. भर मे महिना, बाहेर ४४ अंश, दुकानाच्या टाकीत नर आणि मादी शेजारीशेजारी निवांत. आणि त्याच टाकीत गोठवलेल्या पाण्याची बाटली तरंगत होती.

ती बाटलीच सगळं सांगत होती! फायटरला २६ ते २८ अंश पाणी लागतं. वीसच्या आसपास उतरलं की तो सुस्तावतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, कल्ले फुगवत नाही, कुणाच्या मागे लागत नाही. आम्ही पाहिलं ते प्रेम नव्हतं, गारठा होता. पण जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात टाकीत बर्फाची बाटली टाकणारा माणूस मासे जपतोय असंच कुणालाही वाटेल, इथे सगळेच टाकतात. त्याने बरोबर तिथेच पकडलं. दुकानात जाताना थर्मामीटर न्या. शंभर-दीडशेला मिळतो. जोडी २७ अंशांवर तासभर एकत्र दाखवायला सांगा, दाखवणार नाही.

घरी पाणी २८ वर आलं आणि नर उठले. एक फूट लांबीच्या टाकीत मादीला पळायला जागाच नसते. आधी शेपटीचे पर फाटतात, मग अंगावरचे खवले निघतात, मग जखमेवर पांढरी बुरशी. अंगावर आडव्या रेघा उमटल्या तर मादी घाबरलेली आहे, तेव्हाच काढा. उभ्या रेघा, फुगलेलं पोट आणि पोटाखाली तांदळाच्या कणीसारखा पांढरा ठिपका, एवढं असेल तरच ती अंड्याला तयार.

दोन जोड्यांत तर मादी नव्हतीच. आखूड पराचा प्लाकाट जातीचा कोवळा नर मादी म्हणून गळ्यात मारला. ओळखायचं असं: पिशवीजवळ आरसा धरा. कल्ल्यांखालून काळपट पडदा दाढीसारखा ठळक बाहेर आला तर नर समजा. मादी फुगली तरी तो पडदा फार लहान. पांढरा ठिपका कधीकधी कोवळ्या नरातही दिसतो, एकट्या ठिपक्यावर विसंबू नका. पोटाखालचे दोन लांब पर नरात जाड आणि मोठे असतात.

नर-मादी एकत्र येतात ते फक्त अंड्यांपुरते, काही तास, तेही नजरेसमोर. आधी आठ-दहा दिवस दोघं वेगवेगळे, खायला डासांच्या अळ्या किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले बारीक जीव). मग टाकीत पाणी जेमतेम ४ ते ६ इंच, वर बदामाचं एक सुकं पान. (केळीचं सुकं पानही चालतं, पण फवारणीच्या बागेतलं अजिबात नको.) मादी काचेच्या बरणीत, नराला दिसेल अशी. त्याने फेसाचं घरटं केलं आणि तिच्यावर उभ्या रेघा आल्या की बरणी उचला. अंडी झाली की मादी लगेच बाहेर, नाहीतर तो तिला मारतो. दीडेक दिवसात अंडी फुटतात, आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहू लागली की नरही बाहेर. झाकण घट्ट ठेवा, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिल्लं वरची हवा घेऊ लागतात, तेव्हा गार झोत लागला तर पटापट मरतात.

त्याच्या सांगण्याप्रमाणे नर-मादी कायम एकत्र ठेवले तर एकही पिल्लू हाती लागत नाही, म्हणजे त्याला ४० रुपये कधी द्यावेच लागत नाहीत. दीड महिन्याच्या पिल्लात नर-मादी धड कळतही नाही, असं पिल्लू सरसकट ४० ला कोण उचलेल? आणि ते थेंब? नराचं भांडण काढून टाकणारं औषध नसतं. बाटलीवर घटक नाहीत, बनवणाऱ्याचं नाव नाही.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘मासासकरता तक्रार करी राहिना का भाऊ?’ मग म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवले, ही दिवाणी बाब. मत्स्यव्यवसायवाले म्हणतात आमचं काम तलावांचं, काचेच्या टाकीतला मासा आमच्याकडे येत नाही. बँक म्हणते यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला. ग्राहक म्हणून दाद मागायला निघालो तर एक साहेब सुनावतात, विकण्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. अहो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला सूट आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फीसुद्धा नाही. हे आम्ही वाचायचं आणि खुर्चीवर बसलेल्यांनी वाचायचं नाही? खोटं दाखवून पैसे काढले, भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे मग? रक्कम लहान म्हणून प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे बोट दाखवतं, आणि तो माणूस पुढच्या गावात जोड्या विकत राहतो.

ठाण्याने नोंद नाकारली तर तोच मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी पाठवा, पोच जपा. ऑनलाइन फसला असाल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढे सरकतात. तक्रारीत ‘मासे मेले’ असं लिहू नका, त्यावर ‘पाणी खराब होतं’ हे उत्तर तयार असतं. ‘मादी म्हणून नर विकला’ आणि ‘परत खरेदीचं आश्वासन पाळलं नाही’ असं लिहा. मेलेला मासा फेकू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पिशवीत घालून तारीख लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा.